गणित सोपे हवे, सोयीचे नको

जैवइंधन प्रकल्पांची गणिती प्रारूपे आटोपशीर करणे ही गरज आहे. मात्र त्यातून काय वगळले, हे कर्ज फेडणाऱ्यांना आधी कळले पाहिजे.

साखर कारखान्याच्या आवारात बायोगॅस प्रकल्प उभा राहतो तो आधी कागदावर. प्रकल्प अहवालात एक तक्ता असतो: ऊस इतका, त्यातून प्रेसमड इतके, त्यातून गॅस इतका, त्याचे रुपये इतके. या तक्त्याच्या जोरावर बँक कर्ज मंजूर करते, संचालक मंडळ ठराव करते आणि वार्षिक सभेत सभासद हात वर करतात. या तक्त्याला कोणी गणिती प्रारूप म्हणत नाही, पण तो प्रारूपच असतो. वस्तुस्थितीतील शेकडो गोष्टी बाजूला ठेवून चार-पाच आकड्यांत एक जिवंत प्रक्रिया त्यात बसवलेली असते. प्रश्न इतकाच, की बाजूला ठेवलेल्या गोष्टी खरोखर बाजूला ठेवण्याजोग्या होत्या का?

हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना सुरू केली तेव्हा २०२३-२४ पर्यंत देशभर कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन उत्पादन असे लक्ष्य होते. ती मुदत संपली तेव्हा प्रत्यक्षातील प्रकल्प त्या लक्ष्याच्या जवळपासही नव्हते. पुढे शहरी गॅस वितरणात बायोगॅस मिसळण्याचे बंधन ठरले: २०२५-२६ मध्ये एक टक्का आणि टप्प्याटप्प्याने २०२८-२९ मध्ये पाच टक्के. म्हणजे मागणी निश्चित आहे, अडले आहे ते पुरवठ्यापाशी. त्यामागे दर, कच्च्या मालाची वाहतूक, उरलेल्या खताला नसलेला बाजार अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांची चर्चाही होते. पण सुरुवातीला मांडलेले गणितच कच्चे होते का, हे फारसे कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. हंगामात दहा लाख टन ऊस गाळणारा कारखाना आहे असे समजा. उसाच्या वजनाच्या साधारण साडेतीन टक्के प्रेसमड निघते, म्हणजे ३५ हजार टन. सुमारे २५ टन प्रेसमडपासून एक टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस मिळतो असे धरले जाते. म्हणजे वर्षाला १,४०० टन. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या किलोला ४६ रुपये या दरानेच मोजले तरी ६ कोटी ४४ लाख रुपये. हा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल आणि त्यात चूकही नाही.

पण गाळप चालते चार महिने आणि प्रकल्प चालवायचा असतो अकरा महिने. १२० दिवसांत आलेला माल ३३० दिवस पुरवायचा, तर त्यातला जवळपास ६४ टक्के माल साठवावा लागतो. प्रेसमडचा ढीग म्हणजे काही सिमेंटची पोती नव्हेत. तो आतून तापतो, कुजतो आणि त्यातला गॅस देणारा अंश टाकीत जाण्याआधीच वाऱ्यावर जातो. साठवलेल्या मालाची ताकद सरासरी चौथ्या हिश्श्याने घटली असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर एकूण उत्पादन १६ टक्क्यांनी खाली येते. म्हणजे १,४०० टनांऐवजी १,१७६ टन आणि वर्षाला सुमारे एक कोटी तीन लाख रुपयांची तूट. कर्जाचा हप्ता मात्र १,४०० टनांवर बेतलेला असतो. गणितात मिळवायचे राहून गेले ते एकच पद, साठवणीतील घट. तेवढ्याने प्रकल्प नफ्यातून तोट्यात जाऊ शकतो.

यावर सर्वसमावेशक, तपशीलवार प्रारूप वापरावे असा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. तसे प्रारूप आहेही. जगभरातील जल-अभियंत्यांच्या ‘इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन’ या संघटनेच्या कार्यगटाने २००२ मध्ये ‘ॲनेरोबिक डायजेशन मॉडेल नंबर १’ प्रसिद्ध केले. ऑक्सिजनविना होणाऱ्या पचनाच्या १९ जैवरासायनिक प्रक्रिया त्यात आहेत. त्यांच्या जोडीला द्रवातून वायू बाहेर पडण्याची समीकरणे, आम्ल-अल्कलींचा समतोल, दोन डझनांहून अधिक बदलत्या राशी आणि डझनावारी प्राचले. विखुरलेले ज्ञान एका चौकटीत आणणारे हे काम मोलाचे आहे आणि आजही संशोधनाचा तो पाया मानला जातो.

पण कारखान्यातील प्रयोगशाळेत काय मोजले जाते? तापमान, सामू, रोजचा गॅस, त्यातील मिथेनचे प्रमाण, आम्ले, क्षारता आणि आत-बाहेर जाणाऱ्या मालातील सेंद्रिय भार. सात-आठ मोजमापांच्या आधारे पन्नास अज्ञात आकडे ठरवायचे म्हटले तर गणित सुटते, पण शंभर वेगवेगळ्या प्रकारांनी. प्रत्येक उत्तर मागच्या महिन्याच्या आलेखाशी तंतोतंत जुळते आणि पुढच्या महिन्याबद्दल प्रत्येक जण वेगळेच सांगतो. फ्रीमन डायसन यांनी सांगितलेला एक किस्सा विज्ञानजगतात प्रसिद्ध आहे. १९५३ मध्ये ते आपली आकडेमोड घेऊन एन्रिको फर्मी यांच्याकडे गेले. आकडे प्रयोगाशी जुळत होते. फर्मी यांनी विचारले, यात मनाने ठरवलेली प्राचले किती? उत्तर आले, चार. तेव्हा फर्मी यांनी जॉन फॉन नॉयमन यांच्या बोलण्याची आठवण करून दिली: चार प्राचले दिली तर त्यांच्यात हत्ती बसवता येतो आणि पाचवे दिले तर त्याची सोंडही हलवता येते. पन्नास प्राचलांचे प्रारूप आलेखाशी जुळले याचे कौतुक म्हणूनच बेताने करावे.

तेव्हा सोपे करणे अटळ आहे. ते शिस्तीने करण्याच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे ज्या नियमाला अपवाद नाही तो आधी लिहायचा. टाकीत जेवढे जाते त्याहून अधिक बाहेर येऊ शकत नाही. सेंद्रिय मालाची ताकद ‘रासायनिक ऑक्सिजन मागणी’ या मापाने मोजतात. अशी एक किलो मागणी नष्ट झाली, तर प्रमाण तापमान व दाबाला जास्तीत जास्त ३५० लिटर मिथेन मिळते. याहून अधिक मिथेनचा दावा करणारा अहवाल तिथेच बंद करावा. इथेनॉललाही असाच न्याय लागू आहे. १०० किलो ग्लुकोजपासून रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ५१ किलोच इथेनॉल निघू शकते, बाकीचे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. यीस्ट कितीही सुधारले तरी ही मर्यादा हलत नाही.

दुसरी पायरी काळाच्या मोजपट्टीची. बायोगॅसच्या टाकीत अनेक घड्याळे एकाच वेळी चालतात. आम्ल-अल्कलींचा समतोल क्षणात साधला जातो. आम्ले तयार करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. त्या आम्लांचे मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्यासाठी काही दिवस लागतात आणि चिवट तंतूंचे विघटन आठवडेच्या आठवडे चालते. पुढच्या पंधरवड्याचा अंदाज हवा असेल तर क्षणात घडणाऱ्या गोष्टी ‘घडून गेल्या’ असे मानायचे आणि महिन्यांत बदलणाऱ्या गोष्टी स्थिर धरायच्या. मग समीकरणे आपोआप कमी होतात. या युक्तीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. विकरांच्या अभिक्रियांसाठी जी. ई. ब्रिग्ज आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२५ मध्ये ती मांडली. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

तिसरी पायरी गट करण्याची. टाकीत असंख्य जातींचे सूक्ष्मजीव असतात, पण आम्ले करणारे आणि मिथेन करणारे अशा दोन गटांत त्यांची विभागणी केली तर बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात. आणि चौथी पायरी, प्रत्येक प्राचल थोडे हलवून पाहणे. ते हलवून उत्तरात फरक पडत नसेल तर त्याला स्थिर करून टाकावे आणि फरक मोठा पडत असेल तर मोजमापाचा खर्च तिथे करावा.

या रीतीने काय साधते त्याचा नमुना फ्रान्समधला आहे. ऑलिव्हिए बर्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वाइनच्या आसवनीतील सांडपाण्यावर चालणाऱ्या, नार्बोन येथील प्रायोगिक टाकीसाठी केवळ दोन टप्प्यांचे प्रारूप मांडले. त्यात सहा बदलत्या राशी आहेत: दोन प्रकारचे सूक्ष्मजीव, त्यांची दोन प्रकारची खाद्ये, क्षारता आणि विरघळलेला कार्बन. आपल्या आसवन्यांतील स्पेंटवॉशशी नाते सांगणारे हे सांडपाणी असल्याने हे उदाहरण महाराष्ट्राला दूरचे नाही. सहा राशींचे हे प्रारूप टाकीच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्यांनी जगभर उचलले, कारण त्याची प्राचले प्रत्यक्ष मोजमापांतून ठरवता येतात.

त्यात काय वगळले यापेक्षा काय राखले हे अधिक शिकण्यासारखे आहे. आम्ल करणाऱ्या जिवाणूंसाठी त्यात जाक मोनो यांचे समीकरण आहे. खाद्य वाढले की वाढीचा वेग वाढतो आणि एका मर्यादेनंतर थबकतो. मिथेन करणाऱ्यांसाठी मात्र हाल्डेन यांच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषा वापरली आहे. तिच्यात आम्ल वाढले की वेग आधी वाढतो आणि आम्ल अति झाले की उलट घसरू लागतो. फरक एका पदाचा आहे, पण प्रकल्पाचे सारे भवितव्य त्या पदात आहे.

कारण असे की मिथेन करणारे सुस्तावले तर आम्ल साचते, साचलेले आम्ल त्यांना आणखी सुस्त करते आणि टाकी ‘आंबते’. एकदा आंबलेली टाकी खाद्य पूर्वीच्या प्रमाणावर आणले तरी आपोआप सुधारेलच असे नाही. त्याच खाद्यावर एक टाकी उत्तम चालते आणि शेजारची, आदल्या आठवड्यात अति खाद्य मिळालेली, बंद पडते. साधा गुणाकार सांगतो की दुप्पट माल घाला, दुप्पट गॅस मिळेल. प्रत्यक्षात दुप्पट माल घातला की टाकीतला मुक्काम निम्मा होतो, तीस दिवसांचा पंधरा. त्या वेळात पुरेसे वाढू न शकणारे सूक्ष्मजीव मळीबरोबर बाहेर वाहून जातात. हंगामाच्या शेवटी प्रेसमडचा ढीग संपवण्याच्या घाईत टाक्या आंबतात त्यामागे हे साधे कारण असते. सहा राशींचे प्रारूप हा धोका दाखवते, गुणाकाराचा तक्ता दाखवत नाही. दोन्ही सोपेच आहेत. एकातला धोका जाणून राखलेला आहे, दुसऱ्यातला नकळत गळून पडला आहे.

चांगल्या सोपेपणाची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. जशभाई पटेल यांचा तरंगत्या टोपीचा गोबरगॅस संयंत्राचा आराखडा १९५०च्या दशकातला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. १९८४ मध्ये स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र आले. अशी घरगुती संयंत्रे बांधताना शेण टाकीत किती दिवस राहिले पाहिजे याचा देशव्यापी नियम तीन आकड्यांत बसवला गेला: उष्ण भागात ३० दिवस, मध्यम हवामानात ४० आणि थंड डोंगराळ भागात ५५. थंडीत सूक्ष्मजीव मंदावतात, म्हणून त्यांना अधिक वेळ द्यायचा. थंडीत विरजण उशिरा लागते हे जाणणाऱ्या कोणालाही पटेल असा हा हिशेब. गवंड्याला एकही समीकरण माहीत असण्याची गरज नव्हती, पण तीन आकड्यांमागे समीकरण होते आणि ते कुठे लागू आहे हेही लिहिलेले होते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र केले आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागची दृष्टीही हीच होती. शेण म्हणजे गुराने एकदा पचवलेला माल, मग न पचलेल्या मालाला तेवढी जागा आणि तेवढा वेळ कशाला?

सोपे करताना जे वगळू नये, त्यात माणसाच्या जिवाशी संबंधित गोष्टी पहिल्या येतात. मळीपासून अल्कोहोल केल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेटचे प्रमाण मोठे असते. ऑक्सिजनविना काही जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्रासदायक, यंत्रांना गंजवणारा आणि माणसाला प्राणघातक आहे. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत दशलक्षात शंभर भागांच्या आसपास पोचल्यावर नाकाची संवेदना बधिर होते. वास थांबला म्हणून धोका टळला असे समजून टाकीत उतरणारा कामगार परत येत नाही. बर्नार यांच्या सहा राशींत गंधकाला जागा नाही आणि त्यांच्या प्रश्नासाठी ती नसणे चालण्यासारखे होते. तेच प्रारूप जसेच्या तसे उचलून सल्फेटने भरलेल्या स्पेंटवॉशला लावले, तर वायू शुद्धीकरणाचा खर्च आणि सुरक्षेची तरतूद दोन्ही हिशेबाबाहेर राहतात.

गळतीचेही तसेच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारे आहे. झाकण नसलेल्या खड्ड्यात सोडलेल्या मळीतून, सैल झालेल्या जोडांतून ते निसटत राहिले तर ‘हरित’ इंधनाचा पर्यावरणीय लाभ कमी होत जातो. तरीही बहुतेक तक्त्यांत गळतीचा रकाना नसतो. रकाना नसला की गळती शून्य मानली जाते, आणि हे कोणी ठरवून मानलेले नसते.

आता यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा तोडगा पुढे केला जाईल. एका प्रकल्पाची दोन-तीन वर्षांची माहिती संगणकाला दिली की तो नमुने ओळखून अंदाज वर्तवतो, आणि अनेकदा बराही. पण वस्तुमान नष्ट होत नाही आणि निर्माणही होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रेसमडच्या जागी नेपियर गवत आले किंवा दुष्काळात ऊसच घटला, की त्याची शिकवणी निरुपयोगी ठरते. आकडे मातब्बर असले तरी आधी समतोलाचे समीकरण, मग उरलेल्या तफावतीसाठी यंत्रशिक्षण, हा क्रम सोडता कामा नये.

मग करायचे काय? प्रत्येक प्रकल्प अहवालात गृहीतकांचे एक पान सक्तीचे करावे. कोणती प्रक्रिया धरली, कोणती वगळली, का वगळली आणि हे गणित कोणत्या तापमानाला, कोणत्या मालाला आणि किती भाराला लागू आहे, हे त्यावर मराठीत लिहावे. उत्पादनाचा एकच आकडा न देता किमान, अपेक्षित आणि कमाल असे तीन द्यावेत आणि बँकेने हप्ता किमान आकड्यावर पेलतो का ते तपासावे. प्रारूप ज्या माहितीवर बसवले त्याच माहितीवर ‘बरोबर’ ठरवण्याची सोय बंद करावी. एका हंगामावर बसवलेले प्रारूप दुसऱ्या हंगामावर पडताळले गेले पाहिजे.

टाकी चालवणाऱ्याच्या हातीही गणिताचा अर्क द्यायला हवा. आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर साध्या अनुमापनाने मोजता येते. ते ०.३ ते ०.४ च्या वर सरकू लागले की खाद्य कमी करायचे, हा नियम त्या साऱ्या समीकरणांचे सार आहे. सामू पाहून निर्णय घेणाऱ्याला इशारा उशिरा मिळतो, कारण क्षारता संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. ही चाचणी फार खर्चाची नाही. ती नियमित होते का, याची नोंद मात्र अनेक कोटींच्या प्रकल्पाचे भवितव्य सांगू शकते.

यातले बरेच काम एकेकट्या कारखान्याला झेपणारे नाही. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ पासून सहकारी साखर कारखानदारीसाठी काम करणारी संस्था. कृषी विद्यापीठांच्या मदतीने तिने प्रेसमड, स्पेंटवॉश आणि साठवणीतील घट यांची मोजमापे एकत्र करून सर्वांना खुली केली, तर एक लहान, तपासलेले, मराठीत समजावलेले प्रारूप साऱ्या कारखान्यांना वापरता येईल. सहकाराचा अर्थ भांडवल एकत्र करणे इतकाच का असावा? अपयशाचे आकडेही एकत्र आले, तर पुढच्या कारखान्याची टाकी वाचेल. आज बंद पडलेल्या प्रकल्पाची माहिती त्याच्याबरोबरच कुलपात जाते आणि शेजारच्या तालुक्यात तोच तक्ता, तीच २५ टनांची भागाकाराची ओळ नव्याने टाइप केली जाते.

टाकीतल्या सूक्ष्मजीवांना प्रकल्प अहवाल वाचता येत नाही. त्यांना आम्ल सोसते तेवढेच सोसते आणि वाढायला लागतात तेवढे दिवस लागतातच. त्यांचा हिशेब लहान कागदावर मांडता येतो हे आता सिद्ध झाले आहे. त्या कागदावर कोणती ओळ खोडली, हे खोडणाऱ्याने सही करून सांगावे. कारण त्या ओळीची किंमत शेवटी उसाच्या बिलातून वळती होते.